माळव्यातील घरची शेती आणि मोठी शेती: इंदूरच्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या जुन्या मराठी घरांची सांवेर, देपालपूर, हातोद किंवा महूच्या बाजूला थोडीफार शेती असणे ही एकेकाळी सर्वसाधारण गोष्ट होती. आज त्या घरांतली मुले पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात आहेत, शेत बटईने, म्हणजे पीक वाटून घेण्याच्या बोलीवर, दुसऱ्याला कसायला दिलेले आहे आणि दर दिवाळीला सगळे जमले की तोच विषय निघतो: जमीन ठेवायची की विकायची? आमच्या घरी हा विषय गेली वीस वर्षे चालू आहे. नातेवाईक, शेजारी आणि गावाकडचे परिचित जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची मला जमतील तशी उत्तरे येथे दिली आहेत. कायद्याविषयी जे लिहिले आहे ते दिशा कळण्यापुरते आहे. प्रत्यक्ष व्यवहार करताना आपली कागदपत्रे वकिलाला दाखवावीत.

घरची शेती नेमकी कशाला म्हणायचे?

काय पेरायचे, केव्हा पेरायचे, माल लगेच विकायचा की घरात ठेवायचा, हे निर्णय ज्या शेतात राबणारे कुटुंबच घेते, ती घरची शेती. त्यात क्षेत्र किती हा मुद्दा दुय्यम आहे. चार बिघे, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने साधारण एक हेक्टर, असलेले घरही त्यात येते आणि चाळीस बिघे असलेलेही येते. या कसोटीवर पाहिले तर आमची चौदा बिघ्यांची जमीन ही आमची घरची शेती उरलेली नाही. पावती, म्हणजे जमिनीची आणि तिच्यावरच्या कर्जाची नोंद असलेली सरकारी ऋणपुस्तिका, आमच्या कपाटात आहे. पण शेती तिसऱ्या पिढीपासून ती कसणाऱ्या बटईदाराच्या कुटुंबाची आहे. हे मान्य करायला मला बराच काळ लागला, आणि मान्य केल्यावरच पुढच्या अनेक प्रश्नांची उत्तरे सुचू लागली.

घरची शेती संपत चालली आहे असे म्हणतात. म्हणजे शेतांची संख्या घटते आहे का?

आपल्या देशात उलट घडले आहे. 1970-71 च्या कृषी गणनेत देशभरात सुमारे 7.1 कोटी वहिवाटीची खाती होती आणि एका खात्याचे सरासरी क्षेत्र 2.28 हेक्टर होते. 2015-16 च्या गणनेत खाती 14.6 कोटींवर गेली आणि सरासरी 1.08 हेक्टरवर आली. मध्य प्रदेशात ती 1.57 हेक्टर, म्हणजे आपल्या सहा-सव्वासहा बिघ्यांच्या आसपास आहे. त्याच गणनेप्रमाणे देशातली 86 टक्के खाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत.

अमेरिकेत याच्या अगदी विरुद्ध झाले. तिथे 1935 साली सुमारे 68 लाख शेते होती, 2022 च्या गणनेत ती 19 लाखांवर आली आणि सरासरी शेत 463 एकरांचे झाले. शेजाऱ्याचे शेत विकत घेत घेत एकेक शेत फुगत गेले. नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की तिथलीही बहुतेक शेते आज कागदोपत्री कुटुंबांच्याच मालकीची आहेत. ‘मोठी शेती’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कंपनीची पाटी लावलेले अफाट शिवार येते, पण ते चित्र तिथेही पूर्ण खरे नाही आणि माळव्यात तर मुळीच नाही. आपल्याकडे शेत दुसऱ्याने गिळले नाही. ते वाटण्यांमध्ये विरत गेले. कुटुंबाचे पोट मात्र त्या तुकड्यावर भरेनासे झाले. 2018-19 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये आढळले. त्यात पिकातून आलेले 3,798 रुपये होते आणि मजुरीतून आलेले 4,063. सरासरी शेतकऱ्याला शेतापेक्षा मजुरीतून जास्त मिळते, हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा मन अस्वस्थ होते.

इंदूरच्या मराठी कुटुंबांकडे या जमिनी आल्या कुठून?

काही होळकर दरबारातल्या चाकरीपोटी मिळाल्या, काही नंतर वकिली, शिक्षकी किंवा नोकरीच्या मिळकतीतून विकत घेतल्या गेल्या. मध्य भारत राज्याने 1951 मध्ये जमीनदारी आणि जहागिरी रद्द करणारे कायदे केले, तेव्हा गावेच्या गावे ज्यांच्या नावावर होती त्यांच्याकडे मुख्यतः खुदकाश्तीची, म्हणजे स्वतः कसत असल्याचे दाखवता येईल तेवढी, जमीन उरली. त्यापुढे 1960 चा कमाल धारणेचा कायदा आला. म्हणजे ‘आमची पूर्वी पाचशे बिघे होती’ हे वाक्य अनेक घरांत खरे असले, तरी आजचा प्रश्न त्या पाचशेंचा नाही. तो दहा-वीस बिघ्यांचा आणि त्यावर चढलेल्या नऊ-दहा नावांचा आहे.

सोयाबीनने नेमके काय बदलले?

जवळजवळ सगळेच, आणि तेही एका पिढीत. ‘मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण ज्या माळव्याची आहे, तिथे ज्वारी, कापूस, तूर, हरभरा आणि कोरडवाहू गहू ही पिके होती. काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात पाय ठेवणे अवघड, म्हणून बरीच जमीन खरिपात पड ठेवत आणि तिच्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू घेत. 1970 नंतर या पड जमिनीत सोयाबीन शिरले. शेतकऱ्याला ते फुकटचे पीक वाटले, कारण ज्या महिन्यांत शेत रिकामे असायचे त्या महिन्यांत हाती रोकड येऊ लागली. 1987 साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरात आले, तेलगिरण्या आल्या, आणि पेंडीचा, म्हणजे बाजाराच्या भाषेत डीओसीचा, व्यापार या शहरातून चालू लागला. पक्की घरे, ट्रॅक्टर, मुलांची शहरातली शिक्षणे यांतले पुष्कळ काही सोयाबीनने दिले. ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु त्याबरोबर तीन गोष्टी गेल्या. घरच्या ताटातले धान्य शेतातून येईनासे झाले, कारण सोयाबीन कोणी भाकरीसारखे खात नाही. खरिपातली ज्वारी गेली, तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे कमी झाली आणि जनावरांबरोबर शेणखत गेले. सोयाबीननंतर गव्हाला ओलीत लागते म्हणून विहिरी आटल्यावर ट्यूबवेल आल्या, एकीला पाणी लागले नाही की दुसरी, आणि त्या खर्चाने कित्येक घरे कर्जात गेली. ‘पग-पग नीर’ म्हणणाऱ्या प्रदेशात 2014 मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी उचलून क्षिप्रेत सोडावे लागले, यावरून पाणी किती खोल गेले ते समजते.

कमाल धारणेचा कायदा असताना मोठी शेती आलीच कुठून?

मध्य प्रदेशात पाच माणसांच्या कुटुंबासाठी दुपिकी ओलिताच्या जमिनीची मर्यादा सुमारे 18 एकर, एकपिकी ओलिताची 27 आणि कोरडवाहूची 54 एकर आहे. त्यामुळे हजारो एकरांचा एक मालक इथे कायद्याने होऊ शकत नाही. मोठेपणा आला तो जमिनीच्या बाहेरून. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात पंजाबातून हार्वेस्टर येतात, आणि ते यंत्र ज्या दिवशी आपल्या गावात असेल तो आपला कापणीचा दिवस होतो. बियाणे, तणनाशक आणि उधारी अनेकदा एकाच दुकानातून मिळते आणि मालही त्याच दुकानदाराच्या ओळखीच्या आडतीवर जातो. चिप्सच्या बटाट्याचा करार करणारे बेणेही देतात आणि भावही आधी ठरवतात. मात्र काढणीनंतर आकार किंवा साखरेचे प्रमाण दाखवून किती माल नाकारायचा हेही तेच ठरवतात. आमच्या शेजारच्या शेतात एका वर्षी तिसरा हिस्सा बटाटा असा नाकारला गेला आणि तो मंडीत मिळेल त्या भावाने विकावा लागला.

आणि सर्वांत मोठी शेती तर आपल्या स्वयंपाकघरातूनच आली आहे. भारत खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. त्यात सोयाबीनचे तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येते, जिथे एकेक शेत हजारो हेक्टरांचे असते आणि हेक्टरी उत्पादन तीन टनांच्या वर जाते. आपल्याकडे ते साधारण एक टनाच्या आसपास रेंगाळते. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये शून्यावरून 20 टक्के केले गेले आणि मे 2025 मध्ये पुन्हा 10 टक्क्यांवर आणले गेले. सांवेरचा शेतकरी ते राजपत्र वाचत नाही, पण मंडीतल्या लिलावात त्याला ते भोगावे लागते. माझ्या मते माळव्यातली घरची शेती ज्या मोठ्या शेतीपुढे हरते आहे, ती बांधापलीकडे नाही, समुद्रापलीकडे आहे.

मोठी शेती वाईटच असते का?

नाही. यंत्राने कापणी वेळेवर होते, परतीचा पाऊस येण्याआधी माल घरात पडतो, आणि ज्या बायकांनी उन्हात वाकून गहू कापला आहे त्यांना हार्वेस्टरविषयी तक्रार करताना मी कधी ऐकलेले नाही. मोठ्या क्षेत्रावर खर्च कमी येतो हेही खरे आहे. एक बिघ्याच्या पट्टीत हार्वेस्टर जेवढा वेळ कापतो जवळपास तेवढाच वेळ वळतो, आणि भाडे वळण्याचेही लागते. माझी तक्रार निर्णय कोणाकडे राहतात एवढ्यापुरतीच आहे. यंत्र भाड्याने आणले तरी चालेल. केव्हा पेरायचे हे मात्र शेतकऱ्यानेच ठरवायला हवे. आणखी एक नुकसान हार्वेस्टरमागे राहते ते नरवाईचे. उंच कापलेली धसकटे जाळली की जमिनीवरचा जीव जळतो, आणि ही सवय यंत्राबरोबर आली.

जमीन बटईने द्यावी की मुनाफ्याने?

मुनाफा म्हणजे वर्षाची ठरलेली रोख रक्कम, बहुधा आगाऊ. बटईत पीक वाटून घेतात आणि बियाणे-खताचा खर्च ठरेल तसा विभागतात. शहरात राहणाऱ्या मालकाला मुनाफा सोयीचा असतो, कारण त्यात हिशेब नाही आणि दुष्काळाची जोखीमही नाही. पण ती सगळी जोखीम कसणाऱ्याच्या डोक्यावर जाते, आणि पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील की नाही हे माहीत नसल्याने तो तिच्यातून एका वर्षात जेवढे निघेल तेवढे काढून घेतो. त्याला दोष देता येत नाही.

तोंडी व्यवहाराचे मूळ भीतीत आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 168 प्रमाणे सामान्य भूमिस्वामीला, म्हणजे जमीनमालकाला, तीन वर्षांत एका वर्षापेक्षा जास्त काळ जमीन भाडेपट्ट्याने देता येत नसे, आणि विशिष्ट अटींवरची बटईही पट्ट्यातच मोजली जाई. कागद केला तर जमीन जाईल, या धाकाने सगळे तोंडी चालले. मग पीक विम्याचा किंवा नुकसानभरपाईचा पैसा मालकाच्या खात्यात जमा होतो आणि ज्याचे पीक बुडाले तो हात चोळत बसतो. हे टाळण्यासाठीच राज्याने भूमिस्वामी व बटईदार यांच्या हितरक्षणाचा 2016 चा कायदा केला. त्याप्रमाणे तीन प्रतींत लेखी करार करता येतो, एक प्रत तहसिलीत जाते, मुदत पाच वर्षांपर्यंत ठेवता येते, आणि त्या करारामुळे बटईदाराचा जमिनीच्या मालकीवर हक्क निर्माण होत नाही. इतका उपयुक्त कायदा असून आपल्या ओळखीतल्या किती घरांनी तो करार केला आहे, हे एकदा विचारून पाहावे.

वाटणी कशी करावी म्हणजे शेत टिकेल?

वाटणी कागदावर करावी आणि शक्यतो बांधावर करू नये. म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा बी-1 च्या, म्हणजे खातेदारांच्या नोंदीच्या, उताऱ्यात स्पष्ट असावा, पण कसायला क्षेत्र एकत्रच राहावे आणि खर्च-उत्पन्न हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यावे. आमच्या खात्यावर आजोबांच्या नंतर नामांतरणच, म्हणजे वारसांची नोंदच, झाले नव्हते. ते करायला गेलो तेव्हा अकरा वारस निघाले, त्यांतले दोघे परदेशात, आणि एका आत्याच्या नावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे. तहसिलीच्या व्हरांड्यात मी त्या एका उकारासाठी चार तारखा घालवल्या. वडील हयात असतानाच वाटणी करायची असेल तर संहितेच्या कलम 178-क मध्ये तशी सोय आहे. ज्या घरात वडीलधारे अजून आहेत त्यांनी ती जरूर समजून घ्यावी. सीमांकनही त्याच वेळी करून घ्यावे, कारण बांध दर नांगरटीला एक बोट सरकतो आणि वीस वर्षांनी त्याची पट्टी होते.

मुलींचा हिस्सा शेतजमिनीतही असतो का?

होय. 2005 च्या दुरुस्तीनंतर, जी 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि शेतजमिनीला वेगळे ठेवणारे जुने कलमही त्याच वेळी वगळले गेले. वडील त्या तारखेला हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. ‘बहिणीने हक्क सोडला तर शेत टिकेल’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आमच्या घरात शेताचा हिशेब सर्वांत चोख ठेवला तो आत्यानेच.

शहर अंगावर येत आहे. आत्ताच विकावी का?

सुपर कॉरिडॉर, रिंग रोड आणि पिथमपूरच्या दिशेने वाढणारी वसाहत पाहता हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. शेत म्हणून त्या जमिनीची जी किंमत होईल तिच्या अनेक पट किंमत प्लॉट म्हणून मिळते, आणि कोणतेही पीक त्या किमतीचे व्याज फेडू शकत नाही. ज्या कुटुंबाला आजारपण, लग्न किंवा कर्ज यांसाठी पैसा हवा आहे त्याने विकण्यात काहीही अपराध नाही.

विकण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली कराची. 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहराच्या नगरपालिका हद्दीपासून हवाई अंतराने 8 किलोमीटरच्या आतली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जाते आणि नफ्यावर कर लागतो. त्याबाहेरची ग्रामीण जमीन त्यातून सुटते. मात्र जवळपास दुसरे लहान नगर असेल तर त्याचेही अंतर मोजले जाते, 10 हजार ते 1 लाख लोकसंख्येसाठी 2 किलोमीटर आणि 1 ते 10 लाखांसाठी 6. दुसरी गोष्ट कसणाऱ्याची. रजिस्ट्रीच्या दिवशी त्याला बाहेरच्या माणसाकडून कळावे हे फार वाईट. उभे पीक असेल तर ते त्याला काढू द्यावे, आणि विकत घेण्याची ऐपत असो वा नसो, आधी त्याला विचारावे.

इथली विकून महाराष्ट्रात शेती घेता येईल का?

महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी सर्वसाधारणपणे शेतकरी असणे आवश्यक आहे. मध्य प्रदेशात बिगरशेतकऱ्यालाही ती घेता येते. म्हणून इथले शेवटचे बिघे विकण्यापूर्वी, आपला शेतकरी असल्याचा आधार त्याबरोबर जात नाही ना, हे तपासून घ्यावे.

शेतकरी उत्पादक कंपनीचा उपयोग होतो का?

ही शेतकऱ्यांनीच सभासद होऊन चालवायची कंपनी. जिथे गावातली पाच-सहा माणसे हिशेब उघडा ठेवतात तिथे तिचा उपयोग होतो. कंपनी कायद्यात 2002 साली झालेल्या दुरुस्तीने ही वाट मोकळी झाली आणि 2020 मध्ये केंद्राने देशभरात 10,000 उत्पादक संघटना उभारण्याची योजना आणली. अनेक कंपन्या नोंदणीपुरत्याच राहिल्या. तरीही एकत्र बियाणे घेणे आणि एकत्र माल प्रतवारी करून विकणे, एवढी दोन कामे जरी झाली तरी लहान शेताला मोठ्या शेताचे थोडे बळ मिळते.

कोणता निर्णय लहान शेतकरी लगेच परत आपल्या हाती घेऊ शकतो?

बियाण्याचा. सोयाबीन स्वपरागित पीक आहे. सुधारित सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे बी घरी राखता येते, दरवर्षी विकत घ्यावेच लागत नाही. आमच्या बटईदाराच्या घरी मे महिन्यात हे काम त्याची आई करते. ओले केलेले गोणपाट ओट्यावर पसरायचे, दहा ओळींत दहा-दहा असे शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून माठाच्या सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचे. चार-पाच दिवसांनी गुंडाळी उघडून ती बोटाने मोजते. सत्तर किंवा त्याहून जास्त निरोगी कोंब आले तर बी पेरणीचे, त्याहून कमी आले तर मंडीचे. या दाण्याचे साल नाजूक असते, म्हणून मळणी कमी फेऱ्यांवर करावी, पोती उंचावरून टाकू नयेत आणि त्यांची थप्पी चारांपेक्षा उंच लावू नये. पेरणीही पहिल्या सरीला नव्हे, तर साधारण 100 मिलिमीटर पाऊस मुरल्यावर करावी. शेजारी पेरतो म्हणून पेरले की दुबार पेरणीचा खर्च दुकानदाराच्या वहीत चढतो.

कोणीच गावी परत जाणार नाही. मग हे सगळे कशासाठी?

याच इंदुरात 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर लावून खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिचे कोडे एकच आहे: असे खत जमिनीला एका हंगामात सगळे देत नाही, त्याचा फायदा दोन-तीन वर्षे मिळत राहतो. ज्याला पुढच्या वर्षीची खात्री नाही, तो ते का घालील?

आम्ही अकरा जणांनी मागच्या वर्षी पाच वर्षांचा लेखी बटईकरार केला. सही करताना बटईदाराच्या मुलाने विचारले, ‘दादा, पाच म्हणजे पाच ना?’ मी होय म्हणालो. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्याने नरवाई न जाळता रोटाव्हेटरने मातीत मिसळली आणि विहिरीकडच्या पाच बिघ्यांत शेणखताच्या बावीस ट्रॉल्या टाकल्या.